मधला उलटा रोल

मंगळवार, ९ मार्च

प्रिय दादा,

नमस्कार. तुझं पत्र काल मिळालं. तळहाताची जखम कशी आहे? टाके पडले म्हणतोस आणि लागलं कशाने ते मात्र ठाऊक नाही, हे ऐकून वहिनीने कपाळावर हात मारला असेल. तिला सांग, हा लहानपणापासून असाच. कुठे धडपडला ते याला दुसऱ्यानेच सांगावं लागतं.

इकडे धंदा बरा चाललाय. नुकतंच एका दंतवैद्याच्या बंगल्यामागे बॅडमिंटनचं कोर्ट घातलं. त्यांच्या बाई हौशी. या गवताला पाणी कधी घालायचं, म्हणून विचारत होत्या. मी म्हटलं, बाई, खोटं आहे ते, तोच तर फायदा. दोन नवे कामगार ठेवलेत. खडी छान दाबतात, पण गवताच्या दोन रोलमधला सांधा जुळवायची वेळ आली की एकमेकांची तोंडं बघतात. तुझ्यासारखा सांधा कुणाला जमायचा नाही, हे बाबांचं वाक्य आहे, माझं नव्हे. तुझ्या तोंडावर त्यांनी कधी म्हटलं नाही, म्हणून कळवते.

बाबा आता खाटेवरच असतात. खाट खिडकीशी ओढून घेतलीय, परसातलं आपलं नमुन्याचं कोर्ट दिसावं म्हणून. डॉक्टर म्हणाले, औषधांनी करायचं ते करून झालं. तुझं नाव काढत नाहीत, पण फाटक वाजलं की मान तिकडे वळते.

तू अंथरलेला तो मधला रोल इतकी वर्षं तसाच होता. गवताची लव घराकडे झुकलेली हवी, म्हणजे घरातून बघणाऱ्याला ते भरगच्च दिसतं, हा बाबांचा पहिला धडा. गिऱ्हाइकांसमोर ते तुला नाही नाही ते बोलले, आणि तू रागाच्या भरात आपल्याच परसात रोल उलटा अंथरलास, लवेची घराकडे पाठ करून. सांधाही न चिकटवता निघून गेलास. तेव्हापासून खिडकीतून तो फिकट पट्टा दिसतो. मी कितीदा म्हटलं, बदलून टाकते. बाबांचं एकच: "ज्याने उलटा घातलाय, तोच सुलटा करील." तूही त्यांचाच मुलगा. तुम्हा दोघांच्या हट्टापायी माझा जीव मेटाकुटीला आला.

तसाच होता, असं मी वर लिहिलं. ते चुकून नाही लिहिलं.

दादा, तो पट्टा सुलटा होतोय. मागच्या भिंतीकडून घराकडे, रोज थोडा थोडा. तुला कळतंय ना मी काय म्हणते? रोल एक तर सगळा उलटा असतो, नाहीतर सगळा सुलटा. अर्धामुर्धा कसा असेल? पण आहे. मी हात फिरवून पाहिलाय. आणि जिथवर सुलटा झालाय तिथवर सांधाही चिकटवलेला आहे, इतका साफ की बोटाला लागत नाही. शेजारी गवतात गुडघ्यांचे दोन खळगे, डावा जास्त खोल. डाव्या गुडघ्यावर भार देऊन बसणारा मी आयुष्यात एकच पाहिलाय.

मला आधी कामगारांचा संशय आला. त्यांनी कानांवर हात ठेवले. मग तुझं आधीचं पत्र आठवलं. पायमोज्यांत हिरवे धागे सापडतात, सकाळी गुडघे ठणकतात, असं तू गमतीने लिहिलं होतंस. तुझ्या त्या कचेरीत कुठलं आलंय गवत? आणि कालच्या पत्रात लिहितोस, लोकांना दोनदा हाक मारावी लागते, समोर उभा असलो तरी कुणाचं लक्ष जात नाही. मला हे मुळीच आवडलेलं नाही.

बाबांना सांगायचं नव्हतं, पण त्यांना सगळं खिडकीतून दिसतं. घाबरले नाहीत. इतके शांत मी त्यांना कधी पाहिले नव्हते. म्हणाले, "शेवटचा सांधा जुळला की मी मोकळा."

आता जे लिहायचं टाळत होते ते लिहिते. बाबा जागे व्हायच्या आत मी रोज सकाळी कटर घेऊन परसात जात होते आणि ताजा सांधा उसवत होते; दुसऱ्या दिवशी तो पुन्हा जुळलेला आणि काम थोडं पुढे सरकलेलं. तो पुरा झाला की बाबा जाणार, आणि तुमची भेट राहूनच जाणार. तू हाडामांसाचा या दारात उभा राहीपर्यंत काम पुरं होऊ द्यायचं नाही, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

गेल्या महिन्यातल्या शेवटच्या गुरुवारी कटर अडकला. खाली नुसती सांध्याची चिकटपट्टी आणि खडी, अडकण्यासारखं काहीच नाही. मी जोर लावला. खाली काहीतरी मऊ होतं, ते झटकन मागे गेलं.

काल तुझं पत्र वाचलं. त्याच गुरुवारी सकाळी उठलो तर उशी रक्ताने भिजलेली, तळहातावर सरळ चीर, असं लिहिलंयस. दादा, ती माझ्या कटरची आहे.

आज मी उसवलं नाही. माझ्याच्याने झालं नाही. नुसती बघून आले. हातभर पट्टा उरलाय. गुडघ्यांच्या खुणांशेजारी तुझ्या उजव्या पंजाची खूण नेहमी असायची. त्या गुरुवारपासून तिथे फक्त बोटांची टोकं उमटतात, हे आज ध्यानात आलं. तळहात टेकवत नाहीस.

कोर्ट पुरं झालं की लव उभी करायला शेवटचा ब्रश बाबांनीच फिरवायचा, ही आपली रीत तुला ठाऊक आहे. आज त्यांनी ब्रश मागितला. उठवत नाही, तरी कुशीत घेऊन पडलेत आणि खिडकीबाहेर बघताहेत.

झोपेत येऊ नकोस. गाडीत बसून ये, पुढच्या दाराने ये, बूट वाजवत ये, वाटल्यास भांडायला ये. तो हातभर तुकडा बाबांच्या डोळ्यांदेखत जागेपणी जुळव. मी आता तुला अडवू शकत नाही.

कटर विहिरीत टाकून आलेली,
तुझी धाकटी