ड्रमरचा डावा कान

सोमवार, अबकैक, सौदी अरेबिया.

आज तेलाच्या प्लँटमध्ये गॅसगळतीचा अलार्म वाजला, सगळे पळाले, आणि माझा कामावरचा जोडीदार, कॅनडाचा मार्टिन, पाठमोरा व्हॉल्व्ह तपासतच राहिला. मी दंड धरून ओढलं त्याला.

"डाव्या कानानं ऐकू येत नाही, आणि उजवीकडे पंप धडधडत होता," बाहेर आल्यावर म्हणाला. तरुणपणी तो एक्स्ट्रीम मेटल या कानठळ्या बसवणाऱ्या संगीताच्या बँडमध्ये ड्रमर होता. बारा वर्षं गावोगाव वाजवलं. आधी गायकाचा गळा गेला, मग याचा कान, आणि बँड मोडला. "कुणाला सांगू नकोस. नोकरी जाईल."

गप्प बसू? आणि पुन्हा अलार्म वाजला तर? तो डावा कान डोक्यातून जातच नाही.

शेवटी त्याच्या खोलीवर गेलो, उजव्या बाजूला बसलो. "उद्या तू साहेबांना सांग, नाहीतर मी सांगेन."

त्यानं विचारलं, "सोबत येशील?"

येतो म्हणालो.