कागदावर ब्याण्णव, पत्र्यावर नव्वद

तीर्थरूप आत्येस,

तुझ्या लाडक्या (निदान गेल्या महिन्यापर्यंत लाडक्या) भाच्याचा साष्टांग नमस्कार. साष्टांग म्हणजे अगदी शब्दशः, कारण गेले वीस दिवस मी तुझ्या गाडीखाली आडवाच आहे, फक्त उताणा. इकडे सगळे ठीक. तुझा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम करतेस, की उलट त्यांनाच काही व्यायाम नेमून दिलेस? तुझी सूनबाई, म्हणजे माझी बायको, विचारते की नव्या घरातल्या लिफ्टची सवय झाली का. मी तिला म्हटलं, काळजी लिफ्टची कर.

तू गाडी सोपवताना घातलेली अट घरात पोराबाळांनासुद्धा पाठ आहे. एकतीस तारखेच्या आत मी ती स्वतः चालवत तुझ्या दारात आणायची, नाहीतर गाडी दातवाल्यांना. (आपल्या कोपऱ्यावरचे दातांचे डॉक्टर गं. तू इथे राहत होतीस तेव्हापासून दर रविवारी फाटकाशी उभे राहून गाडीकडे असे टक लावून बघतात, की वाटावं आता तिला आ करायला सांगतील.) लहानपणी तुझ्या शेजारी त्या दोन सिटांच्या गाडीत बसायला मिळावं म्हणून मी काय काय उद्योग केले ते तुला ठाऊक आहे. ती दुसऱ्याच्या फाटकात गेलेली मला बघवणार नाही, हे आधीच स्पष्ट सांगून टाकतो. तर अशी ही गाडी माझ्याकडे आली आणि आठव्या दिवशी क्लच जळाला. कसा जळाला या तपशिलात आत्ता शिरत नाही.

गॅरेजवाल्या मास्तरांना तू ओळखतेसच. (शाळेत कधीच शिकवलं नाही, पण समोरच्याला ढ ठरवायची हातोटी पक्की, म्हणून मास्तर.) त्यांनी साल विचारलं. मी गाडीची कागदपत्रं काढली आणि छातीठोकपणे ब्याण्णव सांगितलं. ब्याण्णव सालच्या गाडीचा क्लच मागवला. डबा सुंदर होता, क्लचही सुंदर होता, फक्त तो तुझ्या गाडीत बसायला तयार नव्हता. मास्तरांनी सांगितलं ते असं: या गाडीच्या आधीच्या सालांत पेडल दाबलं की बेअरिंग क्लचला आत ढकलतं, आणि नंतरच्या सालांत तेच काम ते बाहेर ओढून करतं. नाव तेच, रंग तोच, दरवाजे तेच, पण आत एकीला ढकलाढकली आवडते आणि दुसरीला ओढाताण. आता शहाण्या माणसानं क्लच परत पाठवला असता. पण मी पडलो तुझा भाचा. हाती आलेल्या क्लचला शोभेल असा ओढण्याच्या जातीचा अख्खा गिअरबॉक्स मी जुन्या गाड्या मोडणाऱ्याकडून उचलून आणला. नालासाठी घोडा घेणारा माणूस मी लहानपणी गोष्टीत ऐकला होता, तो आरशात दिसेल असं वाटलं नव्हतं.

घोडा आला तो खोड्यांसकट आला. तुझ्या जुन्या गिअरबॉक्समधून वेगाच्या काट्याला एक तार जाते, ती फिरते आणि काटा हलतो. नव्यात तार नाहीच, वीज आहे. म्हणजे गाडी कितीही पळो, काटा शून्यावर ढिम्म. (तुझ्या चालवण्याची आठवण ठेवून सांगतो, तुला ही सोय पंचवीस वर्षांपूर्वीच हवी होती.) मग काटा बदलायला डॅशबोर्ड उघडायला घेतला. गाडी जपानी, तिच्या स्क्रूंची चौफुलीसारखी खाच आपल्या स्क्रूड्रायव्हरला बसल्यासारखी वाटते, बसत मात्र नाही. मी जोर लावला आणि चार स्क्रूंची डोकी गुळगुळीत करून ठेवली. मास्तर चष्मा पुसत राहिले. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

शेवटी त्यांनीच बॉनेटखालचा छोटा पत्रा घासून पुसला. त्यावर गाडी बनल्याचा महिना होता, नव्वदचा डिसेंबर. बदल झाला तो त्यानंतर. म्हणजे गाडी बनल्यावर सव्वा वर्ष कुठल्यातरी गोदामात धूळ खात उभी होती आणि तुला विकली त्या दिवसापासून कागदावर तिचा जन्म धरला. एवढी वर्षं तू तिचं वय कमी सांगत आलीस. (तुझ्या स्वतःच्या वयाबद्दल मी काहीही म्हणालेलो नाही, सूनबाई साक्षीला आहे.) मग सगळा ओढीचा संसार परत पाठवला आणि ढकलीचा क्लच शोधू लागलो. तो कुठे मिळावा? दातवाल्यांच्या कपाटात! गाडी आज ना उद्या आपल्याकडे येणार या भरवशावर त्यांनी तो चार वर्षांपूर्वीच आणून ठेवला होता. मी मान खाली घालून मागितला आणि त्या भल्या माणसानं कापडात गुंडाळून हातात दिला. मला फार लाज वाटली. गाडी काल सुरू झाली. आवाज तोच आहे, अगदी तोच. मी ऐकून बाहेर जाऊन उभा राहिलो.

मोठ्यांना नमस्कार सांगायचा, तर तिथे तुझ्याहून मोठं कोण? तूच दोनदा घे.

तुझा,
ढकलीच्या जातीचा भाचा

ता. क. – मास्तर म्हणतात खरं सांगून टाक. तू गाडी दिलीस तेव्हा क्लच ठणठणीत होता. मी तो आठ दिवसांत जाळला. मला गिअरची गाडी येत नाही, आत्या. माझी आजवरची प्रत्येक गाडी आपोआप गिअर बदलणारी होती, आणि तुझ्यासमोर ते कबूल करण्याची माझी छाती झाली नाही.

ता. क. २ – हे पेन्सिलनं, बॉनेटवर कागद ठेवून लिहितोय. पाकिटावर तिकीट नाही हे तुझ्या लक्षात आलंच असेल. खिडकीतून खाली बघ. आज एकतीस तारीख, गाडी तुझ्या दारात आहे, पण चालवत आणली दातवाल्यांनी. मी तीन तास बाजूला बसून आलो. म्हणजे अटीप्रमाणे मी हरलो आणि गाडी त्यांची. वर यायचं धाडस होत नाही, म्हणून पत्र पहारेकऱ्याच्या हाती पाठवतोय. फक्त एक कर. रात्री बारापर्यंत एकतीस तारीखच आहे. लिफ्टनं खाली ये आणि माझ्या बाजूला बस. तुझा गुडघा क्लच दाबायला नाही म्हणतो, माझ्यावर ओरडायला त्याची काय हरकत आहे? गाडी दातवाले आणि मी कोपऱ्यापर्यंत ढकलत नेऊ आणि तिथून तुझ्या दारापर्यंत मी चालवीन, कितीही धक्के बसले तरी.

ता. क. ३ – दातवाल्यांनी हे वाचलं. त्यांना मान्य आहे. पण ते अजून स्टिअरिंग सोडत नाहीयेत. लवकर ये.