बरणीतला कागद

॥ श्री ॥
मु. कलकत्ता, कार्तिक वद्य ७, शके १८३३

ति. स्व. सुंदरदादा यांचे सेवेशी,
धाकट्या धर्मराजचे शि. सा. न. वि. वि.

इकडे सर्व कुशल. समुद्राची पाहणी करणाऱ्या सरकारी जहाजावर चित्रकार म्हणून माझी जागा कायम झाली. परवा अंदमानाकडे निघतो. नाव ऐकून आई घाबरेल. तिला सांगा, मी कैदी म्हणून जात नाही, माशांची चित्रं काढायला जातो.

गेल्या सफरीत आठशे वाव खोल जाळं सोडलं होतं. वर अंगाची लाही होत होती आणि तळातून आलेला चिखल हातात धरवेना इतका गार. साहेबानं त्यात सरबताची बाटली पुरून ठेवली. त्या गारठ्यात, अंधारात मासे राहतात, दादा. एकाच्या पोटावर दिव्यांची ओळ. एकाच्या कपाळावर काडी आणि तिच्या टोकाला दिवा. एकाला उंदराचं शेपूट. काहींचे डोळे केवढाले, काहींना डोळेच नाहीत. एकानं आपल्यापेक्षा मोठा मासा गिळला होता.

वर आले की ते मरतात, तासाभरात रंग जातो. त्याआधी मला चित्र पुरं करावं लागतं. मग मासा स्पिरिटच्या बरणीत, आणि त्याच्याबरोबर चिठ्ठी: जागा, खोली, तारीख. तीही शिसपेन्सिलीनं, शाई विरघळते. चिठ्ठी नसलेला मासा साहेब परत समुद्रात फेकतो. कुठला ते ठाऊक नाही तर तो कशाचाच नाही, म्हणतो.

माझ्या घरात चौथा महिना आहे. आईनं जपावं. होळी झाली की मी रजा घेऊन येतोच, बाळंतपणाला हजर राहीन. वहिनींस नमस्कार. धाकट्यावर माया आहे तशीच ठेवावी.
धर्मराज

॥ श्री ॥
मु. दिंद्रुड, पौष शुद्ध ३, शके १८३३

चि. धर्मराज यास सुंदररावाचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र ओसरीवर मोठ्यानं वाचलं. आईनं विचारलं, जे खायचे न्हाईत ते मासे धरता कावून? मी म्हणालो, सरकारचा हुकूम. त्यावर तिचं म्हणणं, सरकारला दुसरं काम न्हाई का. तुझी मंडळी चि. सौ. केसरबाई दाराआड उभी होती. दिव्याच्या माशाचा मजकूर तुझ्या वहिनीला पुढं करून तिनं पुन्हा दोनदा वाचून घेतला. सकाळी बघतो तर अंगणात रांगोळीचा मासा, कपाळावर दिवा. आई रागावली, पण पुसला नाही.

माजलगावचे बंकटमामा वारले. पत्र आलं ते रिवाजाप्रमाणे कोपरा फाडलेलं. मृत्यूची खबर असलेला कागद घरात नको म्हणून आईनं फाटका कोपरा पाहताच, मला उलगडूही न देता, पत्र ओढ्यात सोडलं. तेराव्याचं बोलावणं त्यातच होतं, ते मागाहून कळलं. आम्ही गेलो नाही, मामी रुसली. दोन बुकं शिकलेल्या माणसाला हसावं की रडावं कळत नाही.

तुझी सफर किती दिवसांची ते लिही. होळीची गोष्ट विसरू नकोस. इकडची आठवण धरून असावे.
सुंदरराव

॥ श्री ॥
मु. कलकत्ता, फाल्गुन शुद्ध ९, शके १८३३

ति. स्व. दादांचे सेवेशी शि. सा. न.

काल सफर संपली. तुमचं पौषातलं पत्र इथं पडून होतं, ते आज वाचलं. बंकटमामांचा मजकूर वाचला आणि लगेच हे लिहायला बसलो.

माघात पोर्ट ब्लेअरहून एक पत्र टाकलं होतं. ते लिहून झालं आणि जाळं वर आलं. लाटेनं पेटी भिजून चिठ्ठ्यांचा लगदा झाला होता. जाळ्यात एक काळा मासा होता, साहेबानंही असा पाहिला नव्हता. चिठ्ठी नाही म्हटलं तर तो गेला असता. मी हातातल्या पत्राचा खालचा कोपरा फाडला आणि पाठीमागं चिठ्ठी लिहिली. बंदरात परतलो तेव्हा टपालाची बोट सुटत होती. पत्राची घडी कारकुनाच्या हाती दिली, त्यानं ती सरकारी लिफाफ्यात घालून वर इंग्रजीत पत्ता लिहिला. फाटल्या कोपऱ्याचा अर्थ माझ्या डोक्यातसुद्धा आला नाही.

तार करावी तर आपल्या गावाजवळ तारघर नाही. तुम्ही घरी असाल तर काळजी नाही, उलगडून पाहिलंच असेल. दादा, तुम्ही वाचलं ना? उलट टपाली एक ओळ टाका.
धर्मराज

मु. दिंद्रुड, चैत्र शुद्ध २, शके १८३४

चि. धर्मराज यास.

वर श्री लिहिलेली नाही. समजून घे.

मी घरीच होतो. लिफाफा मीच फोडला. सरकारी छाप, परकं अक्षर, आत घडी, आणि घडीचा कोपरा फाटलेला. उलगडून पाहायला हात वळला नाही. आईनं कागद माझ्या हातातून घेतला आणि मी घेऊ दिला. मामांच्या पत्रावर मी तुला थट्टेनं लिहिलं होतं. स्वतःवर आली तेव्हा मीही तेवढाच शिकलेला निघालो.

त्याच दुपारी आईनं केसरबाईच्या बांगड्या फोडल्या, कुंकू पुसलं. ती रडली नाही. सरकार माणसं मोजून नेतं, मेलेल्याचा ठावठिकाणा कळवतं, तो कागद कुणी वाचला का, एवढं तिनं तुझ्या वहिनीला विचारलं. वहिनीनं मला विचारलं. मी आता काय वाचायचं म्हणालो. तीन दिवस तिनं अन्न घेतलं नाही. चौथ्या दिवशी, आठव्या महिन्यात, मोकळी झाली आणि संध्याकाळी गेली. मुलगा होता, तासभर होता.

ती सवाष्ण गेली. आम्ही तिला कुंकवाविना, पांढऱ्या लुगड्यात नेलं. हे मला कुणाकडे फेडता येईल ते सांग.

तुझं पत्र आलं तेव्हा तुझा दहावा होऊन गेला होता. माझ्या डोक्यावर केस अजून नीट आलेले नाहीत. गुढी उभारली नाही. आई ओसरीवर येत नाही. जोशीबुवा म्हणतात, तुझे दिवस घातले गेले, तेव्हा तू उंबरा ओलांडण्याआधी विधी करावा लागेल. तू ये. काय म्हणायचं ते तोंडावर म्हण.
सुंदरराव

मु. कलकत्ता, चैत्र वद्य ११, शके १८३४

ति. स्व. दादा यांस,

पत्र मिळालं. सबंध वाचलं.

मी इतक्यात येत नाही. मला जिवंत करायचा विधी करू नका. आईला दोष देऊ नका, तिनं रिवाज पाळला. तुमच्याविषयी मला काही लिहिता येत नाही. कोपरा मी फाडला, हेही मी विसरत नाही.

एकच काम करा. केसरचं श्राद्ध भाद्रपद वद्य नवमीला, सवाष्णींच्या दिवशी घाला. होळीला आणायचं म्हणून हिरवं लुगडं घेऊन ठेवलं होतं, ते या टपालानं पाठवतो. त्या दिवशी ते एका सवाष्णीला द्या, आणि कुणाच्या नावानं ते गावाला ऐकू जाईल असं सांगा. तिचं नाव आजवर मी तुम्हाला पत्रात लिहिलं नव्हतं. आता लिहिलं.

तो काळा मासा इथं संग्रहालयात आला आहे. आज त्याचं स्पिरिट बदलायचं काम माझ्याकडेच होतं. रंग पार गेला, कपाळावरची काडी राहिली. चिठ्ठी बाहेर काढून पुसली. एका बाजूला जागा, खोली, तारीख. दुसऱ्या बाजूला तुम्हाला लिहिलेल्या शेवटच्या ओळीचा तुकडा. पत्रही जहाजावर शिसपेन्सिलीनंच लिहिलं होतं, त्यामुळे काही पुसलेलं नाही. 'मी सुखरूप आहे, तिला सांगा' एवढं वाचता येतं.

चिठ्ठी परत बरणीत घातली. तिच्यावाचून त्या माशाला कुणी ठेवून घेणार नाही.
धर्मराज