गल्ल्यामागची चावी

नाशिक

सौ. उमास,

मी खुशाल आहे. आईचा गुडघा कसाय?

देवदर्शनाच्या गाड्या शहागडला आपल्या ढाब्यावर का थांबंनात, ते इथं पर्यटन परिषदेत कळलं. सहली काढणारी एक बाई माईकवर म्हणाली, "संडासाची चावी गल्ल्यावरच्या पुरुषाला मागावी लागते, तिथं आमच्या बायका उतरतच नाहीत." बिलकुल आपला ढाबा! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीपण.

मंग आठवलं, तू सहा वर्षांपूर्वी हेच म्हणल्तीस. तुला मी गप्प बसवलं.

फोनवर बोलायला जीभ रेटंना, म्हणून अतिकच्या ट्रकमधून चिठ्ठी धाडतो. कुलूप नसंल तर बाई दिवाळीत दोन बस थांबवणार आहे.

कुलूप आजच काढ. चावी गोदावरीत टाक, न्हाईतर मी परत गल्ल्यामागच्या खिळ्याला अडकवीन.

तुझा अडेलतट्टू,
वामन