आधी वासराला

आये, मी तुझी थोरली लेक. ओळख सांगितलेली बरी. जिती होतीस तेव्हाच कालवणात दोनदा मीठ घालायचीस, आता तर तुला जाऊन इतकी वर्षं झाली. मला लिहायला येत नाही, हे तरी ध्यानात आहे का? नात लिहितेय, बाळंतपणाला माहेरी आलेली. महिन्याचं पोर मांडीवर आणि पेन हातात. म्हणते, "आजी, जरा दमानं सांग." दम उरलाय कुठं, बाई, दमानंच चाललंय सगळं. काल आपली गाय व्याली, म्हणून तुझी आठवण निघाली, नाहीतर मी कशाला तुला त्रास देते.

माझं पहिलं बाळंतपण तुझ्याकडं झालं, सांगलीच्या बाजूला. त्याच दिवशी तुझी बांडी गायही व्याली. दोन बाळंतिणी एका घरात. माझं पहिलं दूध, तो पिवळा चिकट चीक, तू वाटीत पिळून काढलास आणि परसात शेवग्याच्या बुडाला ओतलास. "नासकं असतंय ते, पोराला बाधंल." मग तीन दिवस गुळाचं पाणी, कापसाच्या बोळ्यानं. पोर रडून थकतंय आणि मी दारातनं गोठ्याकडं बघतेय. तिथं दादा बादली घेऊन गाईखाली बसलाय, आणि तू त्याच्या अंगावर धावतेस. "मुडद्या, आधी वासराला पाज. चीक पोटात गेल्याबिगर ते हुबं ऱ्हाईल का?" वासरू पोटभर प्यालं. उरलेल्या चिकाचा खरवस करून तू चार घरी पाठवलास. शेवग्यालाही मिळालं, वासरालाही मिळालं. तेव्हा मला त्यात काहीच वावगं दिसलं नाही.

ते माझं पोर, तुझा नातू. त्याचं पोट कायम नाजूक. चार वर्षांचा होईस्तोवर धड बोलला नाही, मास्तरांनी तिसरीतच हात टेकले. इथं नातीचं पेन थांबलंय, कारण तो तिचा बाप. म्हटलं, लिही, घरातलंच हाय.

गेल्या महिन्यात हिला बाळंतपणाला कराडच्या दवाखान्यात नेलं, तेव्हा मी पदराच्या गाठीत गूळ नेला होता. बाळ झाल्या झाल्या गाठ सोडायला लागले, तर सिस्टरनं हात धरला. "आजी, काय हाय त्यात?" "औषध." "मग आधी तुम्हीच घ्या." तिनं मला तिथंच गूळ खायला लावला आणि बाळ आईच्या छातीशी दिलं. चीक आला, पोरगी चुटूचुटू ओढायला लागली. मी म्हटलं, "बाधंल." सिस्टर म्हणाली, "तुम्ही दही कसं लावता?" "विरजण घालून." "आणि विरजण चांगलं नसलं तर?" "तार सुटते." "बाळाचं पोटही तसंच, आजी. आईच्या दुधानं त्यात चांगले जंतू धरतात. पोट नीट तर खाल्लेलं अंगी लागतं. आणि पहिल्या दोन वर्षांत डोकं सगळ्यात जास्त वाढतं, ते काय हवेवर वाढणार?" जंतू चांगलेही असतात हे मला नवीन. पण विरजण मला कळतं. साठ वर्षं लावतेय.

मग मी हळूच विचारलं, "हिच्या बापाला गुळाचं पाणी दिलंतं. त्याचं जे झालं, ते त्यानं का?" ती बाळाचं दुपटं सारखं करत राहिली. "आता ते कोण सांगणार, आजी? एका गोष्टीनं ठरत नाही." व्हय म्हणाली असती तर तुझ्याशी भांडले असते, न्हाई म्हणाली असती तर झोपले असते. आता दोन्ही जमत नाही. लय थकायला होतं गं.

आणखी एक सांगते, मग संपवते. त्या दिवशी तू गोठ्यात होतीस तेव्हा मी पोराला जवळ घेतलं होतं. त्यानं तोंड लावलं, दोन घोट घेतलेही असतील. तुझी पावलं वाजली आणि मीच त्याला ओढून बाजूला केलं. तू बघितलंसुद्धा नाहीस. इतकी वर्षं मी सगळं तुझ्यावर ढकलून बसले.

काल गाय व्याल्यावर हिचा बाप गोठ्यात किती वेळ नुसता बसून होता. वासराचं पोट भरेस्तोवर त्यानं बादली पुढं केली नाही. त्याला हे कुणी शिकवलं, मला माहीत नाही.

झालं, पोरी. हा कागद घडी करून फडताळात ठेव, तो कुठं धाडायचा? खरवस मात्र पाठव, कराडच्या त्या सिस्टरला. वेलदोडा घाल, गूळ बेतानंच. आणि निरोप दे, वासराचं पिऊन झाल्यावरचा आहे म्हणावं.