रिंकमधल्या दोन खुर्च्यांची व्यवस्था

मी, इर्मा लेहटोला, कै. तैस्तो लेहटोला यांची पत्नी, राहणार स्लेट हार्बर, सुपीरियर सरोवराचा उत्तर काठ, ऑन्टॅरिओ, हे मृत्युपत्र माझ्या स्वयंपाकघरात बसून, कोणाच्या सांगण्यावरून नव्हे तर स्वतःच्या मर्जीने लिहून ठेवत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी तसा दाखला दिला आहे. ज्या गावात निम्म्या लोकांना बर्फावरच्या हॉकीतला बचावपटू कशाशी खातात हे ठाऊक नाही, तिथे असा दाखला मिळणे थोडके नव्हे. हृदयाबद्दल मात्र डॉक्टर तितके उदार नाहीत. पुढच्या हंगामाची तिकिटे काढण्याची घाई करू नका, असे ते म्हणाले.

आमच्या वकीलबाई मिस ॲशवर्थ दक्षिणेकडून नव्याने आल्या आहेत. मृत्युपत्रात रागलोभ लिहीत नाहीत, असे त्यांचे म्हणणे. मग ते कुठे लिहितात, असे मी विचारले, तेव्हा त्यांनी कोरा कागद माझ्याकडे सरकवला. म्हणून सगळे इथेच लिहिले आहे. यापूर्वी केलेली सर्व मृत्युपत्रे मी रद्द करते.

कलम १. या मृत्युपत्राची अंमलबजावणी मिस ॲशवर्थ यांनी करावी. त्यांना हॉकीतले काही कळत नाही, हीच त्यांची मोठी लायकी आहे.

कलम २. राहते घर, मागची जमीन आणि बँकेतली शिल्लक माझी मुलगी एलिना हिला द्यावी. ती व्हँकुव्हरला असते आणि हॉकी हा रानटी खेळ आहे असे तिचे मत आहे. ती घर विकणार हे मला ठाऊक आहे, विकू दे. फक्त मागची सॉना, म्हणजे वाफेची न्हाणी, पाडणाऱ्या गिऱ्हाइकाला विकू नये. ती तैस्तोने स्वतःच्या हाताने बांधली, आणि त्या दिवसांत विल्हो, म्हणजे तैस्तोचा धाकटा भाऊ, नुसता बाजूला बसून सूचना करत होता. विल्होबद्दल पुढे येईलच.

कलम ३. तैस्तोची हत्यारे, बर्फ फेकायचे यंत्र आणि गॅरेजमधले बाकी सामान शेजारच्या हॅरल्ड आणि पर्ल हचिसन यांना द्यायचे माझ्या मनात होते. पण पर्ल या मृत्युपत्राची साक्षीदार असणार, आणि इथल्या कायद्याने साक्षीदाराला किंवा त्याच्या नवराबायकोला मृत्युपत्रातून काही मिळत नाही. म्हणून ते सामान मी जिवंतपणीच, काल, त्यांच्या अंगणात लोटून आले. हा कायद्याचा मुद्दा वाचणाऱ्याने लक्षात ठेवावा.

कलम ४. स्वयंपाकघरातला जुना रेडिओ श्री. गॉर्डन पीबल्स यांना द्यावा. हे गृहस्थ रोज सकाळी गावच्या रेडिओवर आमच्या संघाबद्दल, म्हणजे लून्सबद्दल, बोलतात. आपण काय बोलतो ते त्यांनी एकदा तरी ऐकावे, एवढीच इच्छा.

कलम ५. लून्सच्या मालकांना काही देऊ नये. दर हिवाळ्यात ते माझ्याकडून पुष्कळ घेत आले आहेत.

आता मुख्य गोष्ट. ती समजायला थोडी हकीकत लागेल, म्हणून लिहिते.

गेल्या वसंतात लून्स सगळ्यांत तळाला होते. जो तळाला त्याची ड्राफ्टमध्ये पहिली निवड, म्हणजे देशभरातल्या सोळा वर्षांच्या पोरांतून पहिला पोरगा आम्ही उचलायचा. अख्ख्या गावाला डर्क व्हॅनस्टोन हवा होता. सहा फुटी आडदांड पोरगा, गोलांचा रतीब घालणारा. मालकांनी निवडला ल्युक थिबोदो, दूरच्या कागदगिरणीच्या गावातला, ठेंगणा, शांत, आणि वर बचावपटू.

त्या दिवशी लेम्पीच्या कॅफेत कॉफी कोणी चाखली नाही. पीबल्स उंचीचे आकडे घेऊन आला होता. बचावपटूला मनगट नव्हे, वजन लागते, असे त्याने सांगितले. स्वतः बर्फावर कधी न उतरलेल्या माणसाला वजनाची एवढी पारख कुठून आली, हे मी विचारले नाही. विल्हो तर टेबलावर थापा मारत होता. पहिल्या निवडीवर बचावपटू घेणे म्हणजे घरात खायला नसताना दाराला नवे कुलूप आणणे, हे त्याने इतक्यांदा म्हटले की शेवटी लेम्पीनेच त्याच्या तोंडासमोर वेलचीच्या पावाची बशी आदळली.

माझे म्हणणे साधे होते. मी पोराच्या खेळाची चित्रफीत पाहिली होती. पक, म्हणजे खेळातली रबरी चकती, त्याच्याकडे आला की बाकी सगळे धावत सुटतात आणि हा मान वर करून बघतो. चांगला बचावपटू सामनाभर कोणाच्या नजरेत येत नाही, आणि घरी गेल्यावर लक्षात येते की समोरच्यांना नीट एक फटका मारता आला नाही. हे मी सांगितले.

विल्हो म्हणाला, "वहिनी, जो दिसत नाही त्याला बघायला मी तिकीट कशाला काढू?"

सगळे हसले. या गावात हसण्यासाठी एवढे पुरते.

हिवाळा सुरू झाला. व्हॅनस्टोन दुसऱ्या संघाकडून खेळू लागला आणि आमच्याच रिंकवर, म्हणजे बर्फाच्या मैदानावर, येऊन आमच्यावरच गोल करून गेला. झाले. त्या रात्रीपासून विल्होने एक नवा धंदा काढला. ल्युककडे पक आला की हा खर्जात "हूऽऽ" करायचा. मग मागची रांग, मग पलीकडची. चार सामन्यांत अर्धी रिंक घुमू लागली. स्वतःच्याच पोराची हुर्यो उडवणारी ही माणसे रविवारी चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसतात. आणि मोजत काय होती, तर बचावपटूचे गोल. कोंबडीने दूध किती दिले ते मोजावे तसला प्रकार.

खुर्च्यांची रचना अशी: वाटेकडेची खुर्ची माझी, मधली तैस्तोची, पलीकडची विल्होची. तैस्तो गेल्यापासून मधल्या खुर्चीत कोणी बसलेले नाही. दर सामन्याला मी त्याचा कोट नेते आणि त्या खुर्चीवर टाकते. रिंक उभी राहिली तेव्हापासून या खुर्च्या आमच्या आहेत. संघ तळाला असला तरी चांगल्या खुर्चीसाठी लोक वर्षानुवर्षे थांबतात. विल्होचा तर गुडघा वाकत नाही, म्हणून वाटेकडेच्या खुर्चीवर त्याचा डोळा कायमचाच.

जानेवारीतल्या एका सामन्याला एक बाई मागे भिंतीशी उभी दिसली. अंगावर लांबचा प्रवास करून आल्यासारखे कपडे, हातात पिशवी. पाय बदलत उभी होती. मला ते बघवेना. मी तैस्तोचा कोट मांडीवर घेतला आणि तिला बोलावून मधल्या खुर्चीत बसवले. कोण, कुठली, मी विचारले नाही. तिनेही सांगितले नाही.

विल्होला नवा कान मिळाला. पहिला डाव संपेपर्यंत त्याने तिला ल्युक थिबोदोची सगळी कुंडली ऐकवली. हा पोरगा मालकांच्या माथी कोणी मारला, याच्या बापाने कोणाला काय चारले असेल, याला बसमध्ये घालून परत कसा पाठवायला हवा. मधेमधे हूऽऽ चालूच. बाई ऐकत होती, समोर बघत होती. एकदा तिने त्याला विचारले, तुम्ही कधी खेळलात का? विल्हो म्हणाला, लहानपणी. दुसऱ्या डावातही त्याचे तेच चालू होते.

दुसरा डाव संपला तशी ती उठली. तिने हातमोजे घातले आणि विल्होला, अगदी सरळ आवाजात, म्हणाली, "तो माझा मुलगा आहे. दर रविवारी फोन करतो. सांगतो, आई, इथले लोक फार चांगले आहेत."

मग माझ्याकडे वळली. "जागा दिलीत, बरं झालं. मला बस गाठायची आहे." शेवटची बस निघायला अजून अवकाश होता. ती तिसऱ्या, शेवटच्या डावाला थांबली नाही.

मी विल्होकडे पाहिले.

तो म्हणाला, "वहिनी, मला काय माहीत ती त्याची आई आहे म्हणून!"

मी म्हटले, "दुसऱ्या कुणाची आई असती तर चाललं असतं का रे?"

त्यानंतर आम्ही दोघे बोललेलो नाही. उरलेला हंगाम एका कोटाच्या अंतरावर बसून काढला. त्या रात्रीपासून त्याने हूऽऽ केलेले नाही, हे मला मान्य आहे. ती मी माफी समजत नाही. त्याचा घसाही बरा नव्हता. दुसऱ्या दिवशी कॅफेत त्याने सगळ्यांना सांगितले की बाई फार आखडू होती. ते लेम्पीने मला सांगितले. मी त्याला माणूस म्हणून मोजणे त्या दिवशी बंद केले.

बाईंचे नाव ओदेत थिबोदो. त्या पुन्हा आल्या नाहीत. पोरगा अजून दोन हिवाळे इथे खेळणार. सामन्याआधी सराव करताना तो मान वर करून भिंतीकडे बघतो, जिथे उभ्याने बघणारे असतात. संघ यंदाही तळाला आहे आणि तो काही देव नाही. पण त्याचे बघणे मला सहन होत नाही.

कलम ६. वरील दोन्ही खुर्च्या, म्हणजे माझी आणि तैस्तोची, त्यांच्या पुढील सर्व हंगामांच्या हक्कांसह, माझे दीर विल्हो लेहटोला यांना द्याव्यात.

कलम ७. कलम ६ मधील देणगी कोणत्याही कारणाने बाद ठरली, तर दोन्ही खुर्च्या सौ. ओदेत थिबोदो यांना द्याव्यात.

ही दोन कलमे वाचून मिस ॲशवर्थ यांनी कपाळाला हात लावला. साक्षीदार म्हणून विल्होचे नाव मीच सुचवले होते. त्या म्हणाल्या, "अहो, ज्यांना देताय त्यांनाच साक्षीला बोलावलंत तर देणगी बाद होईल."

"मला ठाऊक आहे," मी म्हटले. "त्यालाही ठाऊक आहे. त्याचा जन्म नगरपालिकेच्या कचेरीत कागद शिवण्यात गेलाय."

म्हणजे असे: विल्होने साक्षीदार म्हणून सही केली, की खुर्च्या त्याच्या हातून गेल्या आणि ओदेत यांना मिळाल्या. नाही केली, तर दोन्ही त्याच्या, आणि गुडघा खुशाल लांब करावा. त्याने सही नाकारली तर हॅरल्ड हचिसन बाहेर गाडीत बसलेला आहे, त्याला आत बोलवावे. हॅरल्ड कशावरही सही करतो.

हे इतके वाकडे कशाला, असे कोणी विचारील. सरळ ओदेत यांनाच खुर्च्या लिहून दिल्या असत्या तर त्यांनी त्या घेतल्या नसत्या. ज्या माणसाने तसे बोलून घेतले, त्याच्या शेजारी माझ्या सांगण्यावरून कोण येऊन बसेल? त्याने स्वतः दिल्या, तर कदाचित येतील. विल्हो देईल असे मला वाटत नाही. आयुष्यभर त्याने दुसऱ्याचे कुलूप मोजले, स्वतःचे दार कधी उघडले नाही. पण तो तैस्तोचा भाऊ आहे, म्हणून त्याला ही एक संधी. तैस्तोने दिली असती.

कलम ८. माझ्या अंत्यविधीला लून्सचा झेंडा आणू नये. पीबल्सने बोलू नये. लेम्पीची कॉफी चालेल.

इथवर मी स्वतः लिहिले आणि वकीलबाईंनी सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवले. वाचन चालू असताना विल्होने एकदाही मान वर केली नाही. मी खाली सही करते.

इर्मा लेहटोला
स्लेट हार्बर, ऑन्टॅरिओ
१४ एप्रिल २०१९

साक्षीदार, दोघेही एकाच वेळी माझ्यासमोर:

१. पर्ल हचिसन, शेजारीण.

२. विल्हो लेहटोला. कलम सहा आणि सात दोनदा वाचली. कायदा मला माहीत आहे. समजून सही करतो आहे. हॅरल्डला घरी जाऊ द्या. थिबोदोबाईंना कळवा की वाटेकडेची खुर्ची त्यांनी घ्यावी, तिथून मुलगा सरळ समोर दिसतो. पोरगा अजूनही ठेंगणाच आहे, वहिनी. मधल्या खुर्चीवरचा दादाचा कोट मी घरी नेईन, त्याबद्दल तुम्ही काही लिहिलेलं नाही.