तलावात शिकलेली गाडी

३ मार्च
माफी असावी. बारा दिवस वहीला हात लावला नाही. धाकट्या लेकीची, कमलची ऑर्डर आली, नर्सची. लातूर जिल्हा, अहमदपूरच्या पुढं. पाच गावं फिरायची, एसटी एकाच गावाला जाते. महिनाअखेर हजर व्हायचं. तिकडं ओळखीचं कुत्रं नाही. काल ती नांदेडहून टेम्पोत मोटारसायकल घालून आली. चीनची, सुटी आणून इकडं जोडलेली. निम्म्यात मिळाली म्हणे. मला विचारलं नाही. गाडी तिला येत नाही.

५ मार्च
गफूर मिस्त्रीला दाखवली. दोनदा भोवती फिरला, टाकीवर टिचकी मारली. "शिकायला बरी हाय आप्पा. हलकी, पाय टेकतेत, पडली तर पोरगी एकटी उचलंल. पण केबल तुटली तर मला हाक मारू नका. सामान कुठून आणू?"
मी विचारलं, म्हणजे घ्यावी की घेऊ नये? म्हणाला, घेतलीच की आता.

८ मार्च
गावाखालचा तलाव कोरडा ठणठणीत आहे. मधे नुसता गाळाचा भुगा. तिथं शिकवतो. मी जन्मभर सायकलच चालवली, पण धीर द्यायला कोण? तीन वेळा पडली. उचलली, झटकली, बसली. भारी गाडी असती तर तिसऱ्यांदा बसली नसती. मी मागं पळत होतो. "आप्पा, तुमी पळू नका. तुमी पडताल म्हणून मी मागं बघते अन् मीच पडते."

१३ मार्च
गिअर जमले. थांबायचं कसं ते मी सांगितलं: रेस सोड, थांबते आपोआप. थांबते. पारावर उदगीर जिल्हा होणार याचीच चर्चा. एक जण म्हणाला, आधी टँकर येऊ द्या, जिल्हा मागून आला तरी चालंल. मी आपला कमलचं सांगत बसलो.

१७ मार्च
आज डांबरी रस्त्यावर काढली. घर आलं, तिनं रेस सोडली, गाडी थांबेना. टँकरच्या रांगेतल्या घागरींत शिरली. बाया पळाल्या. लागलं कुणाला नाही, कमलचं कोपर सोललं. कमलची आई घरातून ओरडली, विका ती पत्र्याची गाडी. मीही तेच म्हणालो.

१८ मार्च
मिस्त्रीनं चाक उघडलं. ब्रेकचे लायनर कोरे करकरीत. "गाडीला बोल लावू नका. ब्रेक कुणी दाबलाच न्हाई." तलावात गाळच गाडी धरत होता. दहा दिवस आम्ही दोघांनी ब्रेकचं नाव काढलं नाही. मी शिकवलं तसं ती शिकली. मिस्त्री असंही म्हणाला की ब्रेक थोडा नरमच आहे, भारी गाडीसारखा धरणार नाही. मग दोष कुणाचा? कमलला सांगितलं, विकू. तिनं नाही म्हणून मान हलवली. "हिच्यावरच पडले, हिच्यावरच शिकंन."

२३ मार्च
तलावाच्या बांधावरून उतार आहे. खाली चुन्याची आडवी रेघ मारली, इथं थांब म्हणालो. रोज हातभर पुढं जाते. काल वीतभर. आज पुन्हा हातभर. हातभर अंतरात काय काय मावतं, हेच डोक्यात. जेवण गेलं नाही.

२८ मार्च
सकाळी गेली. टेम्पोत घालून ने म्हणालो, ऐकलं नाही. मिस्त्रीनं दुसऱ्या गाडीची केबल कापून बसती केली, जास्तीची म्हणून सीटखाली बांधून दिली. मी बांधावर उभा राहिलो. उतारावर गाडी आली, रेघेच्या अलीकडं थांबली. मागं बघितलं नाही. मग गेली.
आता दुपार टळली. फोन लागत नाही. अहमदपूरकडून कंधारची एसटी आली तर कंडक्टरला विचारलं, वाटेत कुणी बाई दिसली का. हसला.
कमल, पोचलीस की लगेच कळव बाई. गाडी चालली कशी ते नको सांगू. थांबली कशी, तेवढं सांग.